नोकरीला दोन महिने, मेमध्ये सीए इंटर, तब्येत बिघडतेय: कन्फर्म होण्याआधी सोडू का?

बार्शीकर_वाकड | ९ डिसेंबर, दुपारी १.१०

नमस्कार. सगळी माहिती आधीच देते, म्हणजे उलटे प्रश्न विचारावे लागणार नाहीत.

वय २२, बी.कॉम. झालंय. सीए इंटरची नोंदणी झाली आहे, मेमध्ये दोन्ही ग्रुप (तीन-तीन पेपरांचे) द्यायचे आहेत. ६ ऑक्टोबरपासून हिंजवडीत अकाउंट्स सपोर्टची नोकरी, अमेरिकेची प्रोसेस. शिफ्ट संध्याकाळी ६.३० ते पहाटे ३.३०, कॅब सगळ्यांना सोडत येते, मला घरी पोचायला पावणेपाच होतात. वाकडला कॉट बेसिसवर राहते, खोलीत चौघी. बाकीच्या तिघींचे गजर सातला सुरू होतात. झोप चार-साडेचार तास, अभ्यास रोज जेमतेम सव्वा तास.

तब्येत: जळजळ रोजची, मधूनच छातीत धडधड, दोन महिने पाळी नाही. कंपनीतल्या शिबिरात हिमोग्लोबिन ९.६ निघालं.

पगार: ग्रॉस १९,५००, बेसिक १०,०००, पीएफ १,२००, ईएसआय (कामगार विमा) १४७, हातात १८,१५३. शिल्लक ४१,०००.

कागद: प्रोबेशन ३ महिने, त्यात नोटीस १५ दिवसांची. कन्फर्म झाल्यावर ६० दिवसांची. जॉइन होताना ५०० रुपयांच्या स्टँप पेपरवर एक वर्षाचा बाँड घेतलाय; आधी सोडलं तर "प्रशिक्षण खर्च" ५०,००० रुपये. तारीख न टाकलेला सही केलेला चेक आणि टीवायची (पदवीच्या शेवटच्या वर्षाची) मूळ मार्कशीट एचआरकडे आहे. प्रशिक्षण आठ दिवसांचं होतं, ऑफिसातच, सीनियर मुलींनी दिलं.

नोकरी सोडायची असं मनाने घेतलंय. पण बाँड, चेक, पीएफ, पुढे रेझ्युमेवर काय लिहायचं, यातलं काहीच कळत नाही. घरी विचारलं तर "आत्ता तर लागली" एवढंच उत्तर मिळतं.

---

रुजू_रवाना | ९ डिसेंबर, दुपारी ३.४२

सर्वात महत्त्वाची गोष्ट तारीख. तुमचं प्रोबेशन ५ जानेवारीला संपतंय. त्याआधी पेपर टाकले, म्हणजे राजीनामा दिला, तर नोटीस १५ दिवसांची. कन्फर्मेशनचं पत्र हातात पडल्यावर टाकले तर ६० दिवसांची, म्हणजे मार्च उजाडेल आणि परीक्षेला दोनच महिने उरतील. "जानेवारीत बघू" हा विचार तुम्हाला सर्वात महागात पडेल. सोडायचंच असेल तर १५ डिसेंबरच्या सोमवारी मेल करा. शेवटचा दिवस ३० डिसेंबर येतो.

एक तपासून घ्या. ऑफर लेटरमध्ये नोटीस "कामाचे दिवस" अशी मोजायची आहे की "कॅलेंडर दिवस"? कामाचे १५ दिवस असतील तर शेवटचा दिवस ५ जानेवारीला टेकेल. तेही चालतं, पण मग एक दिवसही उशीर करू नका. आणि "कंपनी पत्र देईपर्यंत प्रोबेशन चालू राहील" असं वाक्य असेल तर तुम्हाला थोडी सवड मिळते, मात्र तिच्या भरवशावर बसू नका.

मेल कसा लिहायचा. चार ओळी पुरेत: मी अमुक पदाचा राजीनामा देत आहे, ऑफर लेटरच्या अमुक कलमानुसार नोटीस १५ दिवसांची आहे, माझा शेवटचा कामाचा दिवस ३० डिसेंबर, कृपया मेल मिळाल्याचं कळवावं आणि हँडओव्हर कोणाकडे द्यायचा ते सांगावं. कारण "शैक्षणिक व वैयक्तिक". टीएलबद्दल (टीम लीडर) तक्रार, आजाराचं वर्णन, माफी यातलं काहीही त्यात नको. हा मेल तुमच्या फायलीत कायम राहतो. टीएल आणि एचआर दोघांना पाठवा आणि सीसीत स्वतःचा खासगी मेल आयडी ठेवा. कंपनीचा मेलबॉक्स शेवटच्या संध्याकाळी बंद होतो आणि राजीनामा दिल्याचा पुरावाही त्याच्याबरोबर जातो. टीएलला तोंडी सांगितलं किंवा व्हॉट्सॲपवर टाकलं तर ते राजीनाम्यात धरत नाहीत.

मेल केल्यावर साधारण हे घडतं. पहिले दोन दिवस उत्तर नाही. मग मीटिंग: "शिफ्ट बदलून देतो, थांब." लेखी देत असतील तरच विचार करा. १५ दिवसांत उत्तर आलंच नाही तर दर चार-पाच दिवसांनी त्याच मेलवर आठवण पाठवत राहा आणि शेवटच्या दिवसापर्यंत कामावर जा. मध्येच जायचं बंद केलं की रेकॉर्डवर "ॲबस्कॉण्डिंग" (न सांगता निघून गेली) असं लागतं, मग रिलीव्हिंग लेटर मिळत नाही.

नोटीस कमी करून हवी असेल तर उरलेल्या दिवसांचे पैसे कापतात. इथेही कलम वाचा. बेसिकवर कापणार असतील तर ८ दिवसांचे १०,००० ÷ ३० × ८ = २,६६७ रुपये. ग्रॉसवर असेल तर १९,५०० ÷ ३० × ८ = ५,२००. ऑफर लेटरमध्ये स्पष्ट लिहिलेलं नसेल तर बेसिकवर कापा असं लेखी मागा. काही ठिकाणी नोटीस-पेवर १८ टक्के जीएसटी लावून हिशोब पाठवतात. तो लागत नाही. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने ३ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात हे स्पष्ट केलं आहे.

पैशाचं पक्कं धरून चाला: राजीनामा टाकला की चालू महिन्याचा पगार सहसा रोखून ठेवतात आणि फुल अँड फायनलमध्ये (शेवटच्या हिशोबात) देतात. वेतन संहितेच्या कलम १७ नुसार राजीनामा दिलेल्याचे पैसे दोन कामाच्या दिवसांत द्यायला हवेत, आणि ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. तरी "आमची प्रोसेस ४५ दिवसांची" हे उत्तर तुम्हाला मिळेलच. कलमाचा उल्लेख करून मागणी करा, पण जानेवारीचं भाडं डिसेंबरच्या पगारातून द्यायचं असं ठरवू नका.

शेवटच्या आठवड्यात पोर्टलवरून तिन्ही महिन्यांच्या पगारपावत्या उतरवून घ्या. लॅपटॉप, हेडसेट, ओळखपत्र परत करताना सीरियल नंबर लिहिलेली पोच सहीनिशी घ्या. "हेडसेट मिळाला नाही" म्हणून दोन हजार कापले, हा फुल अँड फायनलमधला नेहमीचा घोळ आहे.

पीएफ: पैसे काढायच्या फंदात पडू नका. तीन महिन्यांचं योगदान तिथे राहिलं तरी व्याज चालू राहतं, पुढच्या नोकरीत त्याच यूएएनवर (पीएफचा कायमचा क्रमांक) वर्ग होतं. मात्र "डेट ऑफ एग्झिट" नोंदवली गेली का ते बघा. कंपनीने नोंदवली नाही तर शेवटच्या योगदानानंतर दोन महिन्यांनी ईपीएफओच्या पोर्टलवर "मॅनेज", मग "मार्क एग्झिट" इथे आधारच्या ओटीपीने तुम्हाला स्वतः नोंदवता येते. यूएएन ॲक्टिव्हेट आहे का आणि आधारवरचं नाव जुळतंय का, हे नोकरीत असतानाच बघून घ्या. नंतर दुरुस्त्या करत बसण्यापेक्षा ते सोपं.

---

कलम_कागद | ९ डिसेंबर, संध्याकाळी ७.१५

बाँडबद्दल मी लिहितो, कारण मुलं त्यालाच घाबरून अडकून राहतात.

५०० च्या स्टँपवर आहे म्हणून बाँडला वेगळं बळ येत नाही. स्टँप हे फक्त मुद्रांक शुल्क. कोणाला जबरदस्तीने नोकरीत ठेवता येत नाही. कंपनी मागू शकते ती नुकसानभरपाई, आणि भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम ७४ नुसार ती "वाजवी" असावी लागते. बाँडवर लिहिलेले ५०,००० ही कमाल मर्यादा. तेवढी रक्कम आपोआप देणं लागत नाही. प्रशिक्षणावर काय खर्च झाला हे कंपनीला दाखवावं लागेल. बाहेरचा प्रशिक्षक नाही, प्रमाणपत्राची फी नाही, ऑफिसातच सीनियर सहकाऱ्यांनी आठ दिवस शिकवलं, अशा स्थितीत ५०,००० सिद्ध करणं अवघड आहे.

पण "बाँड म्हणजे रद्दी" असं कोणी सांगितलं तर तेही ऐकू नका. मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांच्या आत नोकरी सोडणाऱ्याकडून २ लाख रुपये घेण्याची अट वैध ठरवली. तिथे सरकारी बँकेची जाहिरात देऊन केलेली भरती, तिचा खर्च, अधिकाऱ्याचं वरचं पद हे मुद्दे होते. तुमचं प्रकरण तसं नाही, पण बाँड मुळातच बेकायदेशीर असतो हा युक्तिवाद चालणार नाही. युक्तिवाद रकमेवर करायचा.

क्रम असा ठेवा. राजीनाम्याच्या मेलमध्ये बाँडचा विषय स्वतःहून काढू नका. त्यांनी काढला तर एकच उत्तर: "प्रशिक्षणावर प्रत्यक्ष झालेल्या खर्चाचा तपशील पावत्यांसह द्यावा, त्यानंतर मी उत्तर देईन." बहुतेक वेळा बोलणं इथे थांबतं किंवा आकडा बराच खाली येतो. फुल अँड फायनलमधून परस्पर सगळा पगार वळता केला तर वेतन संहितेच्या कलम १८ कडे बोट दाखवा: एका वेतन कालावधीतल्या एकूण कपाती वेतनाच्या ५० टक्क्यांवर जाऊ शकत नाहीत. दाद मागायची जागा म्हणजे कामगार आयुक्त कार्यालय.

मूळ मार्कशीट अडवून ठेवण्याचा कंपनीला अधिकार नाही. ती राजीनाम्याच्या आधी मागा, आत्ताच, या आठवड्यात. कारण खरंच आहे ते सांगा: पुढच्या शिक्षणाच्या कामासाठी मूळ प्रत लागते. मेलवर मागणी करा. आधी मार्कशीट हातात, मग राजीनामा. हा क्रम उलटा झाला की मार्कशीट सौद्याची वस्तू बनते. अगदीच दिली नाही तर विद्यापीठाकडून दुय्यम प्रत निघते, म्हणजे करिअर कोणाच्या कपाटात बंद झालं असं होत नाही.

चेक जास्त नाजूक. तारीख नसली तरी सही आहे, त्यामुळे ज्याच्या हातात आहे तो तारीख भरू शकतो. राजीनाम्यानंतर दोन गोष्टी करा. एक, एचआरला मेल: चेक क्रमांक अमुक, तारखेविना तारण म्हणून घेतलेला, माझ्याकडे कोणतंही देणं नाही, तो परत करावा. दोन, बँकेत त्या क्रमांकाला स्टॉप पेमेंट. स्टॉप पेमेंट केलं म्हणजे विषय मिटला असं मात्र नाही. तेवढ्याने चेक न वटण्याबद्दलच्या कलम १३८ ची तक्रार अडत नाही. त्या कलमासाठी कायदेशीर देणं असावं लागतं, आणि "देणंच नाही" हे तुमचं म्हणणं आधीपासून लेखी असणं हाच बचाव. चेक न वटल्याचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत त्यांना नोटीस पाठवावी लागते, नोटीस मिळाल्यापासून तुम्हाला १५ दिवस असतात. नोटीस आलीच तर ती न स्वीकारणं ही सर्वात मोठी चूक. बार्शीचा पत्ता दिला असेल तर घरच्यांनाही सांगून ठेवा: टपालाने आलेली नोटीस परत पाठवायची नाही. पंधरा दिवसांच्या आत वकिलाकडून उत्तर गेलंच पाहिजे.

आणि एक. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री ९.३० ते सकाळी ७ या वेळेत स्त्री कामगाराला तिच्या संमतीशिवाय कामावर ठेवता येत नाही. जॉइन होताना सह्या केलेल्या गठ्ठ्यात असं संमतिपत्र बहुधा असेल. ते मागे घेत असल्याचं तुम्ही लेखी कळवू शकता. निदान नोटिशीच्या १५ दिवसांत दिवसाची शिफ्ट मागायला हा सर्वात भक्कम आधार आहे.

---

उगाच_घाई_नको | ९ डिसेंबर, रात्री ८.०३

सोडायच्या आधी शिफ्ट बदलून मागितली का? रात्रीच्या प्रोसेसमध्येही बॅक ऑफिसचं काम दिवसा चालतं. लेखी मागा, सात दिवसांची मुदत द्या. हातातली नोकरी सोडून परीक्षेच्या भरवशावर राहणं मला धोक्याचं वाटतं. पुण्यात बी.कॉम.वाले पोत्याने आहेत.

---

निदान | ९ डिसेंबर, रात्री ९.४०

शिफ्ट जरूर मागावी. पण मूळ प्रश्नात लिहिलेल्या तीन गोष्टी एकत्र वाचा: हिमोग्लोबिन ९.६, धडधड, दोन महिने पाळी नाही. इथे तपासणी आधी, शिफ्ट नंतर.

गरोदर नसलेल्या स्त्रीचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. ९.६ हा आकडा "जरा कमी" म्हणून सोडून द्यायचा नाही. धडधड आणि थकवा त्यानेच होऊ शकतो, आणि चार तासांची झोप त्यात भर घालते. तपासण्या: सीबीसी, फेरिटिन, टीएसएच, बी-१२, उपाशीपोटी साखर. लग्न झालेलं असो-नसो, पाळी चुकलीय म्हटल्यावर डॉक्टर गरोदरपणाची चाचणी सांगतील. तो तपासणीचा ठरलेला भाग आहे, मनाला लावून घेऊ नका. धडधडीसाठी एक ईसीजी.

पैसे खर्च करू नका. तुमच्या पगारातून १४७ रुपये ईएसआयला जातात, त्यामुळे उपचाराचा हक्क नोकरीच्या पहिल्या दिवसापासून आहे. ई-पहचान कार्ड पोर्टलवरून उतरवा आणि नेमलेल्या दवाखान्यात जा. तिथून चिंचवडच्या मोहननगरच्या किंवा बिबवेवाडीच्या ईएसआय रुग्णालयात पाठवतात. सकाळी लवकर जा, रांग मोठी असते. राजीनामा टाकण्याच्या आधी किंवा नोटिशीच्या काळात हे उरकून घ्या. आजारपणाचा रोख भत्ता (वेतनाच्या ७० टक्के, वर्षात ९१ दिवसांपर्यंत) मात्र तुम्हाला अजून लागू नाही. नव्या विमाधारकाचा लाभकाळ सुरू व्हायला नऊ महिने जावे लागतात, त्यामुळे त्या आशेवर नोकरी लांबवण्यात अर्थ नाही.

लोहाच्या गोळ्या डॉक्टर देतील. त्या चहाबरोबर किंवा जेवणावर लगेच चहा घेऊन वाया घालवू नका. चहाने लोह कमी शोषलं जातं, मध्ये किमान तासभर जाऊ द्या. लिंबूपाण्याबरोबर घेतली तर बरं. शौचाला काळं होतं, घाबरू नका. हिमोग्लोबिन वर आलं तरी गोळ्या पुढे काही महिने चालू ठेवायच्या असतात, कारण साठा भरायचा असतो. दोन आठवड्यांत बरं वाटलं म्हणून बंद करणारे पुन्हा तिथेच येतात.

जळजळ: रात्री दोन वाजता कँटीनचे नूडल्स आणि सहा कप कॉफी हे त्याचं नेहमीचं कारण. मुख्य जेवण शिफ्टच्या आधी, पावणेसहाला पोळी-भाजी-वरण. साडेबाराला हलकं: केळं, ताक, भिजवलेले शेंगदाणे. चहा-कॉफी साडेअकरानंतर बंद, कारण तुम्ही साडेपाचला आडव्या होता आणि कॅफिन अर्धं उतरायलाच साधारण पाच तास लागतात. ॲसिडिटीची गोळी रोज स्वतःच्या मनाने घेत असाल तर थांबवा.

खोलीत चौघी असताना दिवसा झोप पूर्ण होणार नाही. डोळ्यांवर पट्टी आणि कानात बोळे हे महिना-दोन महिन्यांचे उपाय. सहा तासांच्या खालची झोप महिनोन्‌महिने रेटायची, वर रक्तक्षय, वर सीएचा अभ्यास, हे गणित कोणत्याच औषधाने जुळत नाही. माझं स्पष्ट मत: नोटीस देऊन सोडावी.

चक्कर येऊन पडणं, छातीत दुखणं, झोपेच्या तारेत दुचाकी चालवणं, यातलं काहीही झालं तर नोटीस पूर्ण करायची वाट पाहू नका. नोंदणीकृत डॉक्टरांचं प्रमाणपत्र घ्या, त्यावर त्यांचा नोंदणी क्रमांक आणि विश्रांतीचे दिवस स्पष्ट हवेत. ते जोडून नोटीस माफ करायची विनंती करा. खोटं प्रमाणपत्र अजिबात नको; पडताळणीत सापडलं तर बाँडपेक्षा मोठं संकट. मन फार खचलं, जगणं नकोसं वाटलं तर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास आणि मोफत आहे, मराठीतही बोलतात.

---

ताळेबंद | ९ डिसेंबर, रात्री ११.२०

अभ्यासाचा हिशोब मांडतो, मग निर्णय आपोआप दिसेल.

नोकरी चालू ठेवली तर: ९ डिसेंबर ते ३० एप्रिल १४३ दिवस, रोज सव्वा तास म्हणजे १७९ तास. आठवड्याच्या दोन सुट्ट्यांना खरोखर सहा-सहा तास जास्तीचे बसलात (बसणार नाही, कारण सुट्टीला झोपाल) तर वीस आठवड्यांचे आणखी २४०. एकूण सव्वाचारशेच्या आत.

सोडली तर: ५ जानेवारी ते ३० एप्रिल ११६ दिवस. रोज आठ तास धरले तर ९२८.

सहा पेपर. एका पेपरला पहिलं वाचन, सराव आणि दोन उजळण्या मिळून १२० ते १५० तास लागतात, म्हणजे ७२० ते ९००. नोकरीसकट दोन्ही ग्रुप बसत नाहीत, हे कागदावरच दिसतंय. एक ग्रुप कसाबसा बसेल.

एकच ग्रुप देण्याची किंमत काय? आर्टिकलशिप (सीएच्या हाताखालचं प्रशिक्षण) दोन्ही ग्रुप सुटल्यावर आणि आयसीआयटीएसएस (इन्स्टिट्यूटचा संगणक व कौशल्यांचा वर्ग) पूर्ण झाल्यावरच सुरू होते. दुसरा ग्रुप सप्टेंबरला टाकला तर आर्टिकलशिप चार महिने पुढे जाते. शिवाय दोन्ही एकदम दिले तर एकमेकांना आधार मिळतो: प्रत्येक पेपरात ४० असतील आणि सहा पेपरांची बेरीज ५० टक्के असेल तर दोन्ही सुटतात, एका ग्रुपची बेरीज ५० च्या थोडी खाली असली तरी. तब्येत फेब्रुवारीतही सावरली नसेल तर एकच ग्रुप भरा. परीक्षेचा अर्ज भरायच्या तारखा साधारण त्याच सुमारास येतात, निर्णय तिथपर्यंत उघडा राहतो.

आता जी गोष्ट कोणी लिहिली नाही ती. इंटरचा पेपर दुपारी २ ते ५ असतो. तुमचं शरीर सध्या दुपारी दोनला झोपेची मागणी करतं. नोकरी मार्चपर्यंत चालली तर परीक्षेच्या हॉलमध्ये ॲडव्हान्स्ड अकाउंटिंगचं एकत्रीकरणाचं गणित तुम्ही स्वतःच्या मध्यरात्री सोडवत असाल. नोकरी सुटली की पहिला आठवडा अभ्यासाचं टेबल करू नका, झोपेचं करा. उठायची वेळ सातला घट्ट, उठल्यावर अर्धा तास उन्हात. दुपारी तीननंतर झोप नाही, त्याआधी फार तर वीस मिनिटं. झोप मागे आणायला साधारण तासाला एक दिवस लागतो, म्हणजे आठ-दहा दिवस. मार्चपासून दुपारी २ ते ५ याच वेळेत सोडवायचे पेपर: इन्स्टिट्यूटच्या मॉक टेस्टचे दोन्ही संच आणि आरटीपी (उजळणीचे पेपर). ३० टक्के गुण बहुपर्यायी प्रश्नांना आहेत, ते रात्री अंथरुणात मोबाइलवर सोडवून होत नाहीत; घड्याळ लावून बसा.

नोकरीबद्दल आणखी एक: आर्टिकलशिप चालू असताना दुसरी नोकरी करता येत नाही. म्हणजे ही नोकरी तुम्हाला काही महिन्यांत तशीही सोडायचीच होती. घरी हे सांगा. "लागलेली नोकरी सोडतेय" यापेक्षा "आर्टिकलशिपसाठी सोडावीच लागणार होती, काही महिने आधी सोडतेय" हे वडिलांना पटेल, कारण ते खरं आहे.

---

बार्शीकर_वाकड | १० डिसेंबर, दुपारी २.२५

सगळ्यांचे मनापासून आभार. मार्कशीटचा मेल आत्ताच पाठवला, दिवसाच्या शिफ्टचाही. उद्या मोहननगरला जाते.

खर्च असा मांडलाय: कॉट ५,०००, मेस ३,२००, अभ्यासिका १,२००, बाकी १,१००. महिना १०,५००. जानेवारी ते अर्धा मे, साडेचार महिन्यांचे ४७,२५०. हातात ४१,००० आणि डिसेंबरचा पगार सुमारे साडेसतरा हजार. यात काही राहिलंय का? आणि रेझ्युमेवर हे तीन महिने दाखवायचे की नाही?

---

रुजू_रवाना | १० डिसेंबर, संध्याकाळी ५.५०

कॉटचं डिपॉझिट आणि सोडायच्या नोटीसची अट बघा. महिनाभर आधी सांगावं लागत असेल तर ते आत्ताच सांगायचं. हिंजवडी सुटल्यावर वाकडला राहायचं कारण उरत नाही. जानेवारी-फेब्रुवारी बार्शीला घरी राहिलात तर दोन महिन्यांचे २१,००० वाचतात, शिवाय झोपेला स्वतंत्र खोली आणि जेवणात बाजरीची भाकरी, पालेभाजी. मार्चमध्ये सराव पेपरांसाठी पुण्यात परत या. परीक्षेच्या अर्जाची फी आणि छापील साहित्याचे पाच हजार वेगळे ठेवा. पगाराचं खातं शून्य शिल्लकीचं असतं, पण काही महिने पगार आला नाही की ते साध्या बचत खात्यात बदलतं आणि किमान शिल्लक नाही म्हणून दंड कापायला लागतात. जानेवारीतच बँकेत जाऊन त्याचं मूलभूत बचत खातं करून घ्या, त्याला किमान शिल्लक लागत नाही. आधी स्टॉप पेमेंटचं काम उरकून घ्या, खातं तेच आहे.

रेझ्युमेवर दाखवा. पुढच्या पार्श्वभूमी तपासणीत यूएएनचा इतिहास उघडला की ऑक्टोबर ते डिसेंबर दिसणारच. लपवलेलं सापडलं तर तीन महिन्यांच्या नोकरीपेक्षा लपवणं मोठं ठरतं. एकच ओळ: "अकाउंट्स सपोर्ट, ऑक्टोबर ते डिसेंबर, सीए इंटरच्या परीक्षेसाठी नोटीस पूर्ण करून सोडली." आर्टिकलशिपच्या मुलाखतीत हे कोणी वाईट धरत नाही.

---

ताळेबंद | १० डिसेंबर, रात्री १०.०५

पैसे कमी पडलेच तर पूर्णवेळ नोकरी शोधू नका. कर सल्लागारांच्या ऑफिसात जीएसटीच्या तारखांना हात कमी पडतात: विक्रीचं विवरण जीएसटीआर-१ ची ११ तारीख, कर भरायच्या ३बी ची २०. महिन्यातले ७ ते ११ आणि १६ ते २० एवढे दहा दिवस, रोज चार तास, बिलं टॅलीत चढवायची आणि २बी शी (पोर्टलवरच्या खरेदीच्या नोंदींशी) जुळवायची. टॅक्सेशनच्या पेपरात जीएसटी ५० गुणांचा आहे, तो यात निम्मा डोळ्यांखालून जातो. बार्शीच्या बाजारपेठेतही हे काम मिळेल. एप्रिलमध्ये मात्र घेऊ नका.

---

बार्शीकर_वाकड | १२ डिसेंबर, सकाळी ११.४०

मार्कशीट मिळाली. दिवसाच्या शिफ्टला "जूननंतर बघू" असं लेखी उत्तर आलंय. ईएसआयच्या डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या सुरू केल्या, टीएसएचचा रिपोर्ट सोमवारी मिळेल. राजीनाम्याचा मेल लिहून ठेवलाय, तोही सोमवारीच, १५ तारखेला दुपारी लॉगइन व्हायच्या आधी पाठवते.

---

कलम_कागद | १२ डिसेंबर, दुपारी १२.३०

शिफ्टबद्दलचं ते लेखी उत्तर खासगी जागी जपून ठेवा. बाँडच्या पैशांची मागणी आलीच तर वकील पहिल्यांदा तेच मागेल. आणि मार्कशीट परत घेताना ज्या रजिस्टरवर सही केलीत त्याच पानावर चेकची नोंद आहे का, ते सोमवारी बघून घ्या. असेल तर "चेक परत मिळाला नाही" असं तिथेच लिहून, तारीख टाकून सही करा आणि त्या पानाची प्रत मागून घ्या.